घोड्याच्या त्वचेपासून स्नायूपेशी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घोड्याच्या मूलपेशींपासून (म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशींपासून) प्रयोगशाळेत स्नायूपेशी तयार करता येतात, अशा आशयाचे एक छोटे टिपण मागील अंकात या स्तंभात आले होते. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेच्या तोंडावर ते छापून आल्यामुळे असेल, पण धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून त्यावर पत्रे आली. त्यांतील काही अश्वपालकांची आहेत, काही विद्यार्थ्यांची आहेत आणि एक केळी बागायतदाराचे आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गाव किंवा तालुका दिला आहे.

प्रश्न (रावेर तालुका) : आमच्याकडे टिश्यू कल्चरची जी-नाईन या केळीच्या वाणाची रोपे लावली जातात. प्रयोगशाळेत एका कंदापासून बाटल्यांमध्ये शेकडो रोपे होतात, हे आम्ही जाणतो. घोड्याच्या पेशींविषयी आपण जे लिहिले ते हेच तंत्र आहे काय? असल्यास नुसता स्नायूच कशाला, पूर्ण घोडाच का तयार करत नाहीत?

उत्तर : निर्जंतुक खोली, पोषक माध्यम, ठरावीक तापमान आणि योग्य वेळी योग्य द्रव्य देऊन पेशींना हव्या त्या दिशेने वळवणे, या सर्व बाबतींत दोन्ही तंत्रे जवळची आहेत. केळीच्या कोंबाला सायटोकायनिन हे वाढीचे संप्रेरक दिले की फुटवे वाढतात आणि ऑक्सिन हे दुसरे संप्रेरक दिले की मुळ्या धरतात. घोड्याच्या पेशींनाही अशाच प्रकारे वाढीचे घटक देऊन वळवले जाते. साम्य मात्र एवढ्यावरच संपते. केळीच्या कोंबाच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये पूर्ण रोप घडवण्याची क्षमता कायम असते आणि वनस्पतीच्या इतर भागांतील अनेक पेशींनाही ती परत मिळवून देता येते. प्राण्याच्या शरीरात गर्भावस्थेतच पेशींचे मार्ग ठरतात. एकदा त्वचेची झालेली पेशी आणि तिच्या विभाजनातून होणाऱ्या पुढच्या पेशी त्वचेच्याच राहतात.

याचा अर्थ त्वचेच्या पेशीत स्नायूची माहिती नसते, असा मात्र नाही. घोड्याच्या देहपेशीच्या केंद्रकात ६४ गुणसूत्रे असतात आणि त्यांवर प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके असतात. ट्वायलाइट नावाच्या, थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या एका घोडीच्या डीएनएवरून तयार केलेला हा सगळा आराखडा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेच्या पेशीतही स्नायूच्या प्रथिनांची जनुके शाबूत असतात, पण ती बंद असतात. बंद जनुके पुन्हा उघडता येतात, हे इंग्लंडमधील जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडकावर दाखवले होते. मात्र त्यासाठी पेशीचे केंद्रक बेडकाच्या अंड्यात घालावे लागले होते. अंड्याशिवाय हेच काम साधले ते जपानमधील शिन्या यामानाका यांना. त्यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींत केवळ चार जनुके क्रियाशील करून त्या पेशींना गर्भाच्या अगदी आरंभीच्या पेशींसारख्या अवस्थेत परत नेले. या शोधांबद्दल गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. घोड्याच्या पेशींवर हा प्रयोग यशस्वी झाल्याचे कॅनडातील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये जाहीर केले. मागील टिपणात ज्या मूलपेशींचा उल्लेख होता, त्या या होत.

आता पूर्ण घोड्याविषयी. प्रयोगशाळेच्या बशीतील मूलपेशीपासून शरीरातील कोणतीही पेशी होऊ शकते, परंतु शिंगरू होण्यासाठी वार लागते, गर्भाशय लागते आणि सुमारे अकरा महिन्यांचा काळ लागतो. बशीत यांपैकी काहीच नसते. पेशीपासून घोडा जन्माला घालण्याचे तंत्र निराळे असून त्याला क्लोनिंग म्हणतात. त्यात त्वचेच्या पेशीचे केंद्रक दुसऱ्या घोडीच्या अंड्यात घालून तो गर्भ घोडीच्या गर्भाशयात वाढवतात. इटलीतील क्रेमोना येथे २००३ मध्ये प्रोमेटेया नावाचे पहिले क्लोन शिंगरू असेच जन्मले. विशेष म्हणजे जिच्या त्वचेची पेशी घेतली होती, त्याच घोडीने ते आपल्या पोटात वाढवले. स्नायूपेशींच्या कामाशी या तंत्राचा थेट संबंध नाही.

प्रश्न (अमळनेर, पदवीच्या विद्यार्थिनीकडून) : त्वचेच्या पेशीपासून स्नायूपेशीपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने सांगाल का? आणि बशीत जे तयार झाले ते खरोखर स्नायूच आहे, हे कशावरून ठरवतात?

उत्तर : घोड्याच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील तंतुजनक पेशी (त्वचेला आधार देणारे तंतू बनवणाऱ्या पेशी) ३७ अंश सेल्सिअस तापमानात आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या पेटीत वाढवतात. मग त्यांच्यात ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक ही चार जनुके पोहोचवतात. पुढील काही आठवड्यांत यांतील फार थोड्या पेशी आपले रूप पालटतात. लांबट, विस्कळीत पसरलेल्या पेशींच्या जागी लहान, गोलसर, एकमेकींना चिकटलेल्या पेशींचे घट्ट पुंजके दिसू लागतात. हे पुंजके वेचून वेगळे वाढवावे लागतात, आणि ते मूलपेशींच्या अवस्थेत टिकून राहावेत म्हणून माध्यमाची फार काळजी घ्यावी लागते. उंदराच्या किंवा माणसाच्या पेशींसाठी बसवलेली कृती घोड्याच्या पेशींना जशीच्या तशी मानवत नाही.

मूलपेशी हाती आल्यावर स्नायूकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग जबरदस्तीचा आहे. अमेरिकेत सिएटल येथे हॅरॉल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत १९८७ मध्ये असे आढळले की, मायो-डी हे एकच जनुक उंदराच्या तंतुजनक पेशींत चालू केले तर त्या स्नायूपेशींकडे वळतात. एक जनुक संपूर्ण पेशीचा व्यवसाय बदलू शकते, हे त्या काळी अनेकांना पटण्यासारखे नव्हते. एडिंबरोजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी घोड्याच्या बाबतीत याच जनुकाचा उपयोग केला आणि २०१८ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. त्यांनी मूलपेशींना आधी संयोजी ऊतीच्या पेशींसारख्या मधल्या अवस्थेत आणले आणि नंतर एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात माणसाच्या मायो-डी जनुकाची प्रत घातली. संशोधकांच्या इच्छेनुसार हव्या त्या वेळी चालू करता येईल अशा रीतीने ती प्रत जोडलेली होती. अशा रचनेत जनुक चालू करण्यासाठी सहसा डॉक्सिसायक्लिन हे औषध माध्यमात घालतात.

दुसरा मार्ग गर्भाची नक्कल करण्याचा आहे. गर्भात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना ऊतीचे छोटे ठोकळे तयार होतात आणि धडाचे व पायांचे स्नायू त्यांतूनच येतात. त्या काळात पेशींना जे रासायनिक संदेश मिळतात, तेच संदेश त्याच क्रमाने बशीत देत गेले तर बाहेरचे जनुक न घालताही पेशी स्नायूपर्यंत पोहोचतात. हा मार्ग लांबचा असून त्यात मध्येच इतर प्रकारच्या पेशींची भेसळ होते. तथापि बाहेरचे जनुक न घालावे लागणे ही मोठी सोय आहे. माणसाच्या पेशींसाठी हा मार्ग बराच रुळला आहे.

मार्ग कोणताही असो, शेवटचा टप्पा एकच असतो. सुरुवातीला भरपूर रक्तद्रव (सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) असलेल्या माध्यमात पेशी वाढू देतात आणि त्यांची दाटी झाली की रक्तद्रवाचे प्रमाण एकदम कमी करतात. पोषण आटल्यावर पेशी विभाजन थांबवतात, एका रेषेत येतात आणि एकमेकींत विलीन होऊन लांब नळ्या बनवतात, ज्यांत अनेक केंद्रके असतात. या विलीनीकरणासाठी मायोमेकर नावाचे प्रथिन आवश्यक असल्याचे २०१३ मध्ये उमगले. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. उंदराच्या स्नायूपेशींवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा या टप्प्यावर अनेक दशकांपासून माध्यमात २ टक्के घोड्याचे रक्तद्रव वापरत आल्या आहेत. घोड्याच्या पेशी बशीत येण्याच्या कितीतरी आधी घोडा तेथे पोहोचलेला होता!

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. नळीसारखा आकार हा पुरावा पुरेसा नाही. मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाला चिकटणारे चमकते प्रतिपिंड घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एकूण केंद्रकांपैकी किती केंद्रके अशा नळ्यांमध्ये आहेत ते मोजतात. कोणती स्नायू-जनुके किती प्रमाणात चालू आहेत ते तपासतात. सर्वांत महत्त्वाची कसोटी कामाची असते. स्नायूला चेतातंतूकडून संदेश मिळाला की त्याच्या आवरणावरील विद्युतभार बदलतो, पेशीच्या आतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते आणि त्यामुळे आकुंचन होते. बशीत चेतातंतू नसतो, म्हणून पोटॅशियम क्लोराइड घालून विद्युतभार बदलतात आणि कॅल्शियम सुटते का ते पाहतात. रोझलिनच्या नळ्यांनी या कसोटीला घोड्याच्या प्रत्यक्ष स्नायूतून काढलेल्या पेशींसारखाच प्रतिसाद दिला.

मात्र त्याच प्रयोगात उणिवाही दिसल्या. या नळ्या आकाराने लहान होत्या. मायोसिनचे जे प्रकार गर्भावस्थेत आणि वाढीच्या काळात आढळतात त्यांपैकी काही त्यांच्यात होते, परंतु पूर्ण वाढ झालेल्या घोड्याच्या संथ आणि अतिवेगवान तंतूंना ओळख देणारे दोन प्रकार त्यांच्यात नव्हते. म्हणजे तयार झाला तो स्नायू खरा होता, पण कोवळा होता. पुढील उत्तरांत ही गोष्ट पुन्हा लागणार आहे.

प्रश्न (शिरपूर, पशुवैद्यकीय विद्यार्थ्याकडून) : घोड्याच्या स्नायूत स्वतःच्या मूलपेशी असतातच. मग त्वचेपासून एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. स्नायुतंतूच्या आवरणाला चिकटून असलेल्या या पेशी अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिल्या. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात आणि दुरुस्ती करतात. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या मोठ्या स्नायूत जाड सुई घालून नमुना घेतला तर त्यातून या पेशी मिळतात आणि त्यांच्यापासून झालेल्या नळ्या अधिक पक्व असतात. एकाच प्रयोगापुरते काम असेल तर हाच रस्ता जवळचा आहे.

अडचण संख्येची आहे. शरीरातून काढलेल्या पेशी बशीत मर्यादित वेळाच विभागतात आणि दर पिढीगणिक त्यांची स्नायू बनवण्याची क्षमता घटत जाते. त्यामुळे नवा प्रयोग म्हटला की पुन्हा त्या जनावराला सुई टोचणे आले. यामानाका पद्धतीने केलेल्या मूलपेशी मात्र कितीही वाढवता येतात, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर साठवता येतात आणि एकाच घोड्याच्या पेशींवर अनेक औषधे अनेक प्रयोगशाळांत तपासता येतात. गोठवलेल्या पेशी किती टिकतात, याचा एक बोलका दाखला घोड्याच्याच कुळातला आहे. प्रझेवाल्स्की या रानघोड्याच्या एका नराच्या पेशी १९८० मध्ये सॅन दिएगो येथे गोठवून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यापासून २०२० मध्ये क्लोन शिंगरू जन्मले. त्यामुळे एखादा दुर्मीळ विकार असलेला घोडा मेला तरी त्याच्या पेशींचा अभ्यास थांबत नाही.

प्रश्न (शहादा तालुका, अश्वपालकाकडून) : आमची घोडी लग्नसराईत वरातीपुढे नाचते. दोन-तीन दिवस बांधून ठेवल्यानंतर कामाला नेली की कधी कधी तिचे पुठ्ठे दगडासारखे घट्ट होतात, घामाने निथळते, पाऊल उचलत नाही आणि नंतर लघवी तपकिरी होते. हा रोग आपण लिहिलेल्या प्रयोगातून बरा होईल काय?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे स्नायूचे तंतू फुटल्याची आहेत. फुटलेल्या तंतूंतून मायोग्लोबिन हे रंगद्रव्य रक्तात येते आणि लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून ती तपकिरी दिसते. हे रंगद्रव्य मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. अशा वेळी घोडीला चालवून मोकळी करण्याचा प्रयत्न कृपया करू नये; आहे तेथेच सावलीत उभी करावी, पाणी द्यावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. घाम आणि अस्वस्थता पाहून पुष्कळदा हा पोटशूळ समजला जातो आणि भलतेच उपचार होतात. रक्तातील क्रिएटिन कायनेज हे विकर तपासले की स्नायूला किती इजा झाली आहे ते कळते. वेदनाशामक द्यायचे की नाही, हेही पशुवैद्यकानेच ठरवावे. कारण शरीरात पाणी कमी असताना काही वेदनाशामके मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात.

आता प्रयोगाविषयी. या आखडण्याची कारणे मुख्यत्वे दोन गटांत मोडतात. एका गटात परिस्थिती असते : विश्रांतीच्या दिवशीही पूर्ण चंदी, हरभरा आणि गूळ चालू ठेवणे, मग एकदम कष्टाचे काम, त्यात वैशाख महिन्यातील खानदेशी ऊन आणि घामावाटे गेलेले क्षार. दुसऱ्या गटात स्नायूचाच जन्मजात दोष असतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये असा एक दोष शोधून काढला. स्नायूत साखरेचा साठा करणाऱ्या विकराच्या जनुकात एक छोटा बदल झाला की ते विकर गरजेपेक्षा अधिक काम करते आणि तंतूंत विकृत स्वरूपाचा साठा होत जातो. क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीत आणि युरोपातील ओझे ओढणाऱ्या अनेक जातींत हा दोष आढळतो. थरोब्रेड घोड्यांत वारंवार होणाऱ्या आखडण्यामागे पेशीतील कॅल्शियमच्या नियमनातील बिघाड असावा, असे मानले जाते. आपल्या घोडीत यांपैकी काही आहे, असे यावरून समजू नये.

मात्र हे दोन गट वेगळे करणे जिवंत घोडीत फार कठीण जाते, कारण चंदी, ऊन, काम, स्वभाव आणि स्नायू या सर्वांचा परिणाम तिच्यात एकाच वेळी होत असतो. बशीतील स्नायूचा खरा उपयोग येथे आहे, असे माझे मत आहे. आखडणाऱ्या घोडीच्या आणि निरोगी घोडीच्या त्वचेपासून केलेले स्नायू एकाच माध्यमात, एकाच तापमानात वाढवले तर चंदीचा आणि उन्हाचा प्रश्नच उरत नाही. एवढे करूनही एकीच्या स्नायूतून कॅल्शियम वाजवीपेक्षा अधिक सुटत असेल किंवा ते वेळेवर आवरले जात नसेल, तर दोष स्नायूतच आहे असे म्हणता येते. पुढे त्याच बशीत निरनिराळी औषधे घालून कोणते उपयोगी पडते हे पाहता येते, आणि त्यासाठी एकाही घोडीला मुद्दाम आखडवावे लागत नाही. हा स्नायू कोवळा असतो, हे वर सांगितलेच आहे. त्यामुळे जो दोष पूर्ण वाढलेल्या वेगवान तंतूंतच प्रकट होतो, तो बशीत दिसणारही नाही. या प्रयोगांतून आपल्या घोडीसाठी उद्याच औषध निघेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

तोपर्यंत करण्यासारख्या गोष्टी जुन्याच आहेत. काम नसेल त्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करावी आणि चारा भरपूर द्यावा. घोडी सलग बांधून न ठेवता रोज थोडी फिरवावी. वरातीच्या आधी तिला हळूहळू तापवावे, मधून मधून थांबवून पाणी द्यावे आणि मिठाची लादी तबेल्यात कायम ठेवावी. एवढे करूनही त्रास होत राहिला तर मात्र कारण घोडीच्या शरीरात शोधावे लागेल.

प्रश्न (सारंगखेडा परिसर) : यात्रेत एका माणसाने आम्हाला सांगितले की, मूलपेशींचे इंजेक्शन घोड्याच्या पुठ्ठ्यात दिले की स्नायू भरतात आणि चाल सुधारते. किंमत मोठी सांगतो. घ्यावे काय?

उत्तर : घेऊ नये. हे उत्तर एवढ्यावरच संपवता आले असते, परंतु अशा बोलण्यात खऱ्या गोष्टीचा थोडा अंश मिसळलेला असतो आणि त्यामुळेच फसगत होते. म्हणून कारणे देतो.

मूलपेशी हे एकाच वस्तूचे नाव नाही. घोड्याच्या अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून ज्या मूलपेशी काढतात, त्यांचा उपयोग शर्यतीच्या घोड्यांच्या कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या) दुखापतीवर केला जातो. पुढच्या पायाच्या नळीमागील कंडरेत अशा पेशी सोडण्याचे काम लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधील रॉजर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २०१२ मध्ये त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतलेल्या ११३ घोड्यांची माहिती दिली. त्यांपैकी सुमारे २७ टक्के घोड्यांना पुन्हा दुखापत झाली. इतर उपचारांच्या आधी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांपेक्षा हे प्रमाण कमी होते, परंतु उपचार न केलेल्या घोड्यांचा गट त्याच अभ्यासात सोबत ठेवलेला नव्हता. म्हणजे येथेही सावधपणे बोलावे लागते. आणि हा उपचार फाटलेल्या कंडरेसाठी आहे. धडधाकट घोड्याचे पुठ्ठे भरण्यासाठी नाही.

स्नायूत स्नायूपेशी टोचून काय होते, याचा अनुभव माणसांच्या बाबतीत घेऊन झाला आहे. डुशेन या स्नायुक्षयाच्या रोग्यांवर १९९० च्या दशकात असे प्रयोग झाले. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत मेल्या, उरलेल्या सुईच्या वाटेपासून फार दूर पसरल्या नाहीत आणि रोग्यांच्या ताकदीत लक्षणीय फरक पडला नाही. रोगी मुलाच्या दंडाची ही कथा असेल, तर घोड्याच्या मांड-पुठ्ठ्यासारख्या प्रचंड स्नायूत सुईभर पेशी काय करणार? सुदृढ स्नायू भरतो तो व्यायामाने, आणि तो असलेले तंतू जाड होऊन भरतो.

त्वचेपासून केलेल्या मूलपेशींचा आणखी एक धोका आहे. त्या खरोखर मूलपेशी आहेत का, हे तपासण्याची रूढ पद्धत अशी की, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराला त्या टोचतात आणि गाठ होते का ते पाहतात. त्या गाठीत त्वचा, कूर्चा, स्नायू, आतड्याचे अस्तर असे सर्व प्रकारचे ऊतक सापडले तर पेशी उत्तीर्ण झाल्या. ज्या पेशींची परीक्षाच गाठीवरून होते, त्या नीट वळवल्याशिवाय आणि निवडल्याशिवाय जनावराच्या अंगात घालणे किती धोक्याचे आहे, ते यावरून समजावे.

तो माणूस पुन्हा भेटला तर त्याला विचारावे की, पेशी कोणत्या आहेत, कोणत्या जनावराच्या कोणत्या भागातून काढल्या आहेत, जिवंत किती आहेत हे कोणी मोजले आणि यात्रेच्या मैदानापर्यंत त्या कशा आणल्या. पेशी बाटलीत नुसत्या ठेवून दिल्या तर मरतात. त्यांना द्रव नायट्रोजनची टाकी तरी लागते किंवा काढल्यापासून थोड्याच वेळात थंडाव्यात पोहोचवण्याची सोय तरी लागते. ज्याच्याकडे यांपैकी काही नाही, त्याच्या सुईत काहीही असू शकते.

प्रश्न (चाळीसगाव) : या कामासाठी घोड्यांना किंवा त्यांच्या गर्भांना मारावे लागते काय?

उत्तर : नाही. जागा बधिर करून त्वचेचा लहानसा तुकडा घेतात आणि जखम थोड्या दिवसांत भरून येते. गर्भ लागत नाही, हेच यामानाका पद्धतीचे मोठे वैशिष्ट्य आहे. तथापि संपूर्ण काम प्राण्यांविना होते, असे म्हणणे खरे ठरणार नाही. वर सांगितलेल्या गाठीच्या परीक्षेसाठी उंदीर वापरले जातात. तसेच माध्यमात घातले जाणारे वासराच्या गर्भाचे रक्तद्रव कत्तलखान्यातून येते. त्याला पर्यायी माध्यमे निघाली आहेत, पण सर्व पेशींना ती मानवत नाहीत.

प्रश्न (जळगाव, बारावीच्या विद्यार्थ्याकडून) : मला हे शिकायचे आहे. यासाठी परदेशीच जावे लागेल काय?

उत्तर : आरंभासाठी मुळीच नाही. प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा पशुवैद्यक यांपैकी कोणतीही पदवी चालेल. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राची सुरुवात १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती व पेशी वाढवण्याची राष्ट्रीय सुविधा म्हणून झाली. तेथे पेशींचा मोठा साठा असून देशभरच्या प्रयोगशाळांना तेथून पेशी पुरवल्या जातात. घोड्यांवरील संशोधनासाठी हरियाणात हिसार येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे आणि त्याचा एक परिसर राजस्थानात बिकानेर येथे आहे. मारवाडी घोड्यांशी आपल्या भागाचे यात्रेमुळे जुने नाते आहेच.

पहिल्या दिवसापासून घोड्याच्या मूलपेशींचा हट्ट मात्र धरू नये. त्या नाजूक असतात, महाग पडतात आणि नवशिक्याच्या हातून बहुधा बुरशी लागून वाया जातात. हात बसवण्यासाठी उंदराच्या मांडीच्या स्नायूपासून निघालेल्या सी-२-सी-१२ या पेशी उत्तम आहेत. त्यांचे मूळ वाण डेव्हिड याफे आणि ओरा सॅक्सेल यांनी १९७७ मध्ये इस्रायलमध्ये वेगळे केले. या पेशी लवकर वाढतात, आणि रक्तद्रव कमी केल्यावर काही दिवसांतच त्यांच्या नळ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही स्पष्ट दिसतात. नुसत्या वाढवत असताना पेशी फार दाट होऊ दिल्या तर त्या विलीन होण्याची क्षमता गमावतात, म्हणून बशी पूर्ण भरण्याआधीच त्यांची वाटणी करण्याची सवय पहिल्यापासून लावून घ्यावी.